देवमासा आणि 80 टक्के

न्यूझीलंडला जून-जुलैत जायचं, हा शोध आमच्या साडूंचा. आपल्याकडे पहिला पाऊस पडून आंब्याची गोडी उतरते, त्या सुमारास तिकडे कडाक्याची थंडी सुरू होते. बर्फावर घसरणारी हौशी मंडळी सोडली, तर तेव्हा फिरायला फारसं कोणी जात नाही आणि गाड्यांची भाडी उतरतात. ‘तेव्हा कोणी जात नाही’ असं कानावर आलं की तुमच्या-माझ्यासारखा माणूस विचारतो, ‘का बरं?’ साडू विचारतात, ‘कितीला?’ आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून ते निवृत्त झाले आहेत. आता तपासायला आम्हीच उरलो आहोत.

खर्च केला की तो वसूल झालाच पाहिजे, ही त्यांची निष्ठा. बुफेच्या रांगेत पहिल्या फेरीला भात घेणाऱ्या माणसाला ते पुढे आयुष्यात कधी उसने पैसे देत नाहीत. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे कोणत्याही प्रश्नावर दोन विरुद्ध दोन अशी मतं पडतात आणि बायका बहुमताने जिंकतात. जूनच्या थंडीबद्दल बायकांनी कुरकुर केली तेव्हा साडूंनी वाचलेल्या पैशांतून लोकरीच्या दोन शाली कबूल केल्या आणि ठराव मंजूर झाला. हॉटेलचा खर्च वेगळा आणि गाडीचा वेगळा, त्यापेक्षा हॉटेलच चालवत न्यायचं, असंही ठरलं. या चालत्या हॉटेलाला कॅम्परव्हॅन म्हणतात.

क्राइस्टचर्चला उतरल्यावर पहिली गाठ पडली ती जैवसुरक्षावाल्यांशी. हा देश शेतीवर आणि दूधदुभत्यावर जगतो. बाहेरून एखादी बी, एखादी अळीसुद्धा आत येऊ नये म्हणून विमानतळावर माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. खाण्याची वस्तू लपवली तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. साडूंनी 400 ला 50 ने गुणलं आणि फॉर्मवर अख्खं स्वयंपाकघर जाहीर करून टाकलं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, आलेपाक, कैरीचं लोणचं. तपासणीच्या बाईंनी एकेक पुडी टेबलावर मांडली. मेतकुटाची बरणी उघडून त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हे भाजलेलं आहे का, असं विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. मागून आमची ही म्हणाली, “अहो, मंद आचेवर म्हणून सांगा त्यांना.” मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. महाबळेश्वरच्या मधाची बाटली तेवढी जप्त झाली, कारण मध तिथे चालतच नाही. बाकी सगळं सुटलं.

मग साडूंचे बूट निघाले. तळव्याच्या खाचांमध्ये सिंहगडाची माती होती. बूट आत नेण्यात आले आणि थोड्या वेळाने स्वच्छ धुऊन परत मिळाले. फुकट. न्यूझीलंडबद्दल साडूंचं मत तिथेच कायमचं चांगलं झालं. त्यांनी पुढे होऊन विचारलं, “सॅकपण धुता का?”

त्याच विमानतळाच्या शेजारी अंटार्क्टिकाची माहिती देणारं मोठं केंद्र आहे, कारण दक्षिण ध्रुवाकडच्या बऱ्याच मोहिमा याच गावातून निघतात. साडूंनी लगेच चौकशी केली. जूनमध्ये तिकडे पर्यटकांची जहाजं जात नाहीत, तिथे दिवस-दिवस सूर्यच उगवत नाही, असं कळलं. “म्हणजे एकदम ऑफ सीझन,” ते म्हणाले आणि त्यांनी डायरीत नोंद केली. मेहुणीने ती नोंद नंतर खोडली.

गाडी ताब्यात मिळाली. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. जेवायच्या जागी झोपायचं, झोपायच्या जागी अभ्यास करायचा, पाणी मोजून वापरायचं आणि एकाला उठायचं असेल तर तिघांनी पाय आखडून घ्यायचे. त्या खोलीतून संडास-बाथरूम आत असलेल्या फ्लॅटमध्ये यायला आमच्या घराण्याच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. तीच खोली चाकांवर चढवून तिकडे डॉलरमध्ये भाड्याने देतात आणि माणसं हौसेने घेतात. जेवणाचं टेबल खाली दाबून त्यावर गाद्यांचे तुकडे बसवले की पलंग होतो. हे तुकडे एका विशिष्ट क्रमानेच बसतात आणि तो क्रम गाडी दाखवणाऱ्या मुलाने हसत हसत अर्ध्या मिनिटात दाखवलेला असतो. रात्री दहा वाजता, बाहेर शून्याखाली पारा असताना, चार वडीलधारी माणसं स्वेटर घालून एका गादीच्या तुकड्याकडे बघत उभी असतात आणि प्रत्येकाला खात्री असते की दुसऱ्याचं चुकतंय.

कपाटांना खिट्ट्या असतात. त्या ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायच्या. एका वळणावर वरच्या कपाटाची खिट्टी दाबायची राहिली आणि मेतकुटाची बरणी खाली आली. त्यानंतर हीटर लावला की गाडीभर मेतकुटाचा वास दरवळायचा. सकाळी उठावं तर चार माणसांच्या श्वासाचं पाणी होऊन काचांवरून ओघळत असे. साडू ते एका फडक्याने पुसून बादलीत पिळत. बादली कशासाठी, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

पण गाडीतली खरी जबाबदारी वेगळीच होती. आमच्या पिढीला कॅसेट म्हटलं की आशा भोसले आठवतात. कॅम्परव्हॅनमधली कॅसेट म्हणजे संडासाखालची पेटी. न्यूझीलंडमध्ये सुविधा नसलेल्या जागी रात्रीचा मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी स्वयंपूर्ण लागते; 2023 च्या कायद्याने तर संडास गाडीत पक्का बसवलेलाच हवा, त्याशिवाय काचेवर हिरवं स्टिकर मिळत नाही. कायदा उत्तमच आहे. फक्त तो करताना आपल्या लोकांचा विचार झालेला दिसत नाही. पेटी जेमतेम अठरा-वीस लिटरची. कागद वापरणाऱ्या कुटुंबाची ती दोन-तीन दिवस आरामात चालते. आपल्या कुटुंबाच्या हातात तांब्या असतो. आमची पेटी संध्याकाळपर्यंत भरायची. साडूंनी दर माणशी तांब्यांचा कोटा ठरवून द्यायचा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. मग पेटी रिकामी करायच्या पाळ्या लावल्या. तक्त्यात एक दिवस माझं नाव, एक दिवस साडूंचं. बायकांची नावं नव्हती. त्यावर मतदान झालं होतं.

पेटी रिकामी करायची ठिकाणं गावोगाव असतात आणि ती अतिशय स्वच्छ असतात. पेटीला सामानाच्या बॅगेसारखी चाकं आणि लांब दांडी असते, त्यामुळे ती ओढत नेणारा माणूस लांबून विमान पकडायला निघाल्यासारखा दिसतो. तोटी फिरवून बाहेर काढायची, झाकण उघडायचं, हवा आत जायला अंगठ्याने एक बटण दाबून धरायचं आणि चेहरा दुसरीकडे वळवायचा. मग पाण्याने विसळून त्यात निळं औषध टाकायचं. पहाटे नळाचं पाणी गोठलेलं असे आणि बोटांना संवेदना नसे. अशा वेळी शेजारच्या गाडीतले आजोबा तेच काम करत असतात आणि आपल्याला म्हणतात, ‘काय सुंदर सकाळ आहे!’ यांच्या पूर्वजांनी अर्ध्या जगावर राज्य कसं केलं, ते मला तिथे कळलं.

रस्ते रिकामे, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. पहिल्याच पंपावर पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त बघून साडूंचा चेहरा उजळला. डिझेलच्या गाड्यांना तिथे दर किलोमीटरमागे वेगळा रस्ता-कर भरावा लागतो आणि तो भाड्याच्या बिलात शेवटी येतो, हे कळायला दुसरा पंप उजाडावा लागला. तिथपासून घाटात उतारावर साडू उगाचच खुश असायचे, जणू गाडी उतरताना किलोमीटर उलटे मोजले जाणार होते.

न्यूझीलंडमध्ये एकेरी पूल फार. लांबलचक नदीपात्र, त्यावर एकाच गाडीपुरता पूल आणि अलीकडे एक पाटी: लाल बाण ज्याचा, त्याने थांबायचं. समोरून गाडी येत असेल तर ती पूल ओलांडेपर्यंत माणसं शांतपणे थांबतात. आपण थांबलो तर समोरचा ड्रायव्हर जाता जाता स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो. पुण्यात असं बोट उचललं तर दोघेही गाडीतून खाली उतरतील. पहिल्या पुलापाशी समोरून कोणीच येत नव्हतं, तरी आम्ही बराच वेळ थांबलो. इतकी सरळ व्यवस्था असेल, यावर विश्वास बसत नव्हता.

क्राइस्टचर्चहून पश्चिमेला निघालं की आर्थर्स पास लागतो, अशी आमची समजूत होती. त्याच्या आधी पोर्टर्स पास लागतो, आणि तो 939 मीटरवर आहे. ज्याच्या नावाने सगळे फोटो काढतात तो आर्थर्स पास 920 मीटरच. नाव एकाचं आणि चढण दुसऱ्याची, हा प्रकार आमच्या सरकारी कचेरीत मी पुष्कळ पाहिलेला होता. रस्त्याच्या कडेला बर्फ साचलेलं, सावलीतल्या वळणांवर डांबरावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा, आणि डिकीत चाकांना गुंडाळायच्या साखळ्या. त्या गुंडाळायची वेळ आली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. भाडं भरूनही त्या वापरल्या गेल्या नाहीत, म्हणून साडू हळहळले.

आर्थर्स पासच्या गावात आम्ही चहाला थांबलो तेव्हा गाडीवर किआ उतरला. किआ हा डोंगरात राहणारा पोपट. ऐटबाज, हिरवट तपकिरी, पंखांखाली नारिंगी, आणि चोच अशी की कोणत्याही गॅरेजवाल्याने कामावर ठेवावा. खायला घालू नका, अशा पाट्या तिथे जागोजाग आहेत. किआ त्या पाट्या वाचत नाही. त्याला खाण्यापेक्षा गाडीच्या खिडकीभोवतीचं रबर आवडतं. आमच्या गाडीवर बसून त्याने आधी वायपर उचलून बघितला, मग दाराचं रबर टोकापासून पद्धतशीर सोलायला सुरुवात केली. साडू “अरे, डिपॉझिट! डिपॉझिट!” असं ओरडत धावले. किआने मान तिरकी करून त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं. हे पोपट मेंढ्यांच्या पाठी फोडतात म्हणून तिथे शंभरेक वर्षं त्यांच्यावर बक्षीस होतं. चोच आणून दिली की रोख पैसे मिळत. अंदाजे दीड लाख किआ त्यात मारले गेले. आज ते थोडेच उरलेत आणि कायद्याने पूर्ण संरक्षित आहेत. मी ही माहिती वाचून दाखवली, तेव्हा साडूंच्या हातात सोललेलं रबर होतं. बक्षीस कधी बंद झालं, एवढंच त्यांनी विचारलं.

घाट उतरून पश्चिम किनारा गाठला आणि लुइस पासच्या रस्त्याने परत पूर्वेकडे वळलो. वाटेत रीफ्टन हे छोटं खाणकामगारांचं गाव आहे. 1888 साली इथे सार्वजनिक वीज आली. दक्षिण गोलार्धात हे गाव पहिलं, असं तिथे अभिमानाने सांगतात. आदल्या रात्री विजेची सोय नसलेली स्वस्त जागा साडूंनी निवडली होती. गाडीची बॅटरी पहाटे तीनला संपली, हीटर बंद पडला, आणि आम्ही चौघं सगळे कपडे घालून सूर्योदयाची वाट पाहत बसलो होतो. त्यामुळे रीफ्टनला पोचल्यावर आमच्या हिने विजेच्या खांबाला हात लावून नमस्कार केला. पुढे हॅनमर स्प्रिंग्जला गरम पाण्याची कुंडं आहेत. भोवती बर्फाचे डोंगर आणि गळ्यापर्यंत गरम पाणी. तिथल्या तिकिटावर वेळेची मर्यादा नव्हती, एवढं सांगितलं म्हणजे आम्ही केव्हा बाहेर आलो, ते सांगायला नको.

आणि मग काईकौरा. एका बाजूला बर्फाच्छादित डोंगर थेट समुद्रापाशी येऊन थांबलेले आणि दुसऱ्या बाजूला समुद्राच्या तळाशी तशीच खोल दरी. किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभरावर ही दरी सुरू होते आणि बघता बघता हजार मीटरच्याही खाली जाते. म्हणून एरवी भर समुद्रात राहणारे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे इथे गावाच्या दारात येतात. वर्षभर येतात, थंडीतही येतात. इथे दिसणारे जवळजवळ सगळे नर; माद्या आणि पिल्लं उबदार पाण्यात राहतात. “शहाण्या आहेत,” असं मेहुणी शाल घट्ट गुंडाळत म्हणाली.

14 नोव्हेंबर 2016 च्या मध्यरात्री इथे 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. रस्ता आणि रेल्वे दरडींखाली गाडली गेली आणि मुख्य महामार्ग पुन्हा खुला व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. समुद्राचा तळ इतका वर उचलला गेला की देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटींना धक्क्यापाशी पाणी पुरेना. भरती येईल तेव्हाच बोट निघायची. खाडी खोदून त्यांनी पुन्हा धंदा उभा केला. या धंद्याची सुरुवातही अशीच आहे. ऐंशीच्या दशकात रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्या आणि गावातले माओरी लोक बेकार झाले. त्यांचा मूळपुरुष पाइकेआ देवमाशाच्या पाठीवर बसून आला, अशी त्यांची श्रद्धा. 1987 साली त्यांच्यातल्या चार कुटुंबांनी राहती घरं गहाण टाकली, एक बोट घेतली आणि देवमासे दाखवायला सुरुवात केली. आजचं त्यांचं कार्यालय गावच्या रेल्वे स्टेशनातच आहे.

या स्टेशनात साडूंनी एक कलम वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. देवमासा दिसला नाही, तर तिकिटाचे 80 टक्के पैसे परत.

त्यांनी मला बाजूला घेतलं. “दादा, नीट ऐका. हवा बिघडून फेरीच रद्द झाली, तर सगळे पैसे परत. म्हणजे तो पहिला नंबर. फेरी झाली पण मासा दिसला नाही, तर 20 टक्क्यांत अडीच तास समुद्राची सैर. हा दुसरा नंबर. फेरी झाली आणि मासाही दिसला, तर पैसे गेले. म्हणजे मासा दिसणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार.”

“अहो, पण आपण मासा बघायलाच आलोय ना?” मी म्हणालो.

“ते आहेच,” ते म्हणाले, “पण हिशेब वेगळा.”

त्या दिवशी दक्षिणेकडून वारा सुटला होता. भिंतीवरच्या फलकावर समुद्राची अवस्था लिहिलेली होती आणि बोट लागण्याचा धोका जास्त आहे, अशी सूचनाही होती. साडूंनी त्या फलकाकडे आशेने पाहिलं. फेरी रद्द मात्र झाली नाही. काउंटरवर आल्याच्या गोळ्या विकायला होत्या; त्यांचा दर बघून साडूंनी खिशातला आलेपाक काढला. त्यात अडचण एकच होती. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर असतं आणि तिथे एक फळी असते. निघताना उरलेलं धान्य, पास्ता, डबे लोक त्या फळीवर पुढच्या माणसासाठी ठेवून जातात. साडूंनी या फळीवर पहिल्या दिवसापासून जीव लावला होता. त्या सकाळी कोणा जर्मन कुटुंबाने सोडलेल्या टोमॅटो सॉसमधल्या बीन्सचा मोठा डबा, अर्धा पाव आणि शेंगदाण्याचं लोणी त्यांनी एकट्याने संपवलं होतं. फुकटचं वाया जाऊ नये म्हणून.

बोट मोठी, दोन पेट्यांवर तोललेली, आत विमानासारख्या खुर्च्या. धक्का सुटेपर्यंत सगळे हसत होते. भूशिराच्या बाहेर पडल्यावर पहिली लाट आली आणि हसणं थांबलं. बोट वर जायची तेव्हा पोट खाली राहायचं. बोट खाली यायची तेव्हा पोटाला वर यायची घाई व्हायची. कर्मचारी मुली हातांत कागदी पिशव्या घेऊन खुर्च्यांच्या रांगांमधून, लाटेच्या तालावर तोल सांभाळत, प्रेमाने फिरत होत्या. क्षितिजाकडे बघा, असं त्या सांगत. मी क्षितिजाकडे बघायचा प्रयत्न केला, पण ते कधी खिडकीच्या वर असायचं, कधी खाली. मी देशाभिमान, संतवचनं आणि भविष्य निर्वाह निधी यांचा विचार करून कसाबसा टिकलो. साडूंनी पहिली पिशवी लवकरच मागितली. मेहुणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, “अहो, बाहेर आलं की बरं वाटतं.” आमची ही मात्र खिडकीशी बसून चिवडा खात होती आणि या दरीत नेमकं काय काय राहतं, हे कर्मचारी मुलीला विचारत होती. लहानपणी रत्नागिरीच्या खाडीत होडीने शाळेत गेलेली बाई ती. तिला लाट म्हणजे रस्त्यातला स्पीडब्रेकर.

एका ठिकाणी बोट थांबली. कप्तानाने पाण्यात एक ध्वनिग्राहक सोडला आणि तो कान लावून ऐकू लागला. स्पर्म व्हेल खोल अंधारात स्वतःच्या क्लिक-क्लिक आवाजाच्या प्रतिध्वनीवर म्हाकुळं शोधतो. प्राण्यांमध्ये याच्याइतका मोठा आवाज कोणाचाच नाही. क्लिक चालू आहेत, तोवर तो खाली शिकार करतोय. थांबले की समजायचं, स्वारी वर निघाली. बोट नुसतीच डोलत उभी राहिली. चालणाऱ्या बोटीपेक्षा उभी बोट वाईट, हे त्या दिवशी बऱ्याच देशांच्या नागरिकांना एकदम समजलं. साडूंनी दुसऱ्या पिशवीतून डोकं वर काढून मला क्षीण आवाजात विचारलं, “दादा, दिसला नाही ना अजून?”

“नाही.”

“चला,” ते म्हणाले आणि परत पिशवीत गेले. त्या चेहऱ्यावर एवढ्या यातनांमध्येही 80 टक्क्यांचं समाधान होतं.

तेवढ्यात आवाज थांबले. कप्तानाने बोट वळवली आणि सगळे दार ढकलून डेकवर धावले. वारा असा की डोळ्यांत पाणी. बोटीच्या मागे रुंद पंखांचे अल्बाट्रॉस पंख न हलवता तरंगत होते. मोठ्या जातीच्या अल्बाट्रॉसचे पंख तीन मीटरहून लांब भरतात. आणि मग समोर, लाटांच्या मधोमध, तिरका फवारा उडाला. स्पर्म व्हेलला डोक्याच्या डाव्या बाजूला एकच नाकपुडी असते, त्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे झुकलेला असतो. माझ्या मनात होतं की प्रचंड काहीतरी उसळेल. प्रत्यक्षात पाण्यावर करड्या रंगाची, सुरकुतलेली, लांबलचक पाठ शांतपणे पडून होती आणि थोड्या थोड्या वेळाने फुस्सकन श्वास टाकत होती. त्याचं डोकंच शरीराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं आणि जगातला सगळ्यात वजनदार मेंदू त्यात असतो. आमच्याकडे त्याने तो वापरल्याचं दिसलं नाही. कोणी कितीही ओरडलं, फोटो काढले, ओकलं, तरी तो पडून होता. त्या लाटांवर सगळी बोट पालथी-उताणी होत असताना तेवढा एकच जीव स्थिर होता.

दहा मिनिटं झाली असतील. कर्मचारी मुलीने माइकवरून सांगितलं, आता बघा, आता बुडी मारणार. पाठीचा कणा वर उचलला गेला, पुढचा भाग खाली गेला, आणि मग ती शेपटी. काळी, ओली, एखाद्या खोलीइतकी रुंद, पाण्याच्या धारा गाळत सरळ उभी राहिली. सगळ्या डेकवरून एक ‘आऽऽह’ उठला. मीसुद्धा त्यात सामील झालो. आतली मळमळ त्या क्षणापुरती कुठे गेली कोण जाणे. शेपटी सावकाश, काही घाई नाही अशा बेताने खाली गेली, आणि पाण्यावर तेवढा एक गुळगुळीत गोल उरला. आता हा स्वामी पाऊण तास, तासभर वर येणार नव्हता.

साडू दाराच्या आतच, तिसऱ्या पिशवीत होते. ‘आऽऽह’ त्यांनी ऐकला होता. डोकं वर काढून त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग परिस्थितीचा अंदाज घेतला.

“गेला?” त्यांनी विचारलं.

“गेला,” मी म्हणालो.

त्यांनी कर्मचारी मुलीला हाक मारली, आणि त्या अवस्थेतही मुद्देसूद मांडणी केली. कलमात ‘देवमासा दिसला नाही तर’ असं आहे. कोणाला, ते लिहिलेलं नाही. मला दिसलेला नाही. तेव्हा एका तिकिटाचे 80 टक्के. त्या गरीब मुलीने त्यांना पाणी दिलं. मेहुणीने कमरेवर हात ठेवले. “अहो, त्याला तुम्ही दिसलात ना? झालं तर मग!”

परतताना डस्की डॉल्फिनचा मोठा कळप बोटीबरोबर उड्या मारत आला. त्यांचं वेगळं तिकीट नाही, हे मी साडूंच्या कानात सांगितलं. ते जरा सावरले आणि खिडकीपाशी येऊन बसले.

संध्याकाळी समुद्र अजून खवळलेला होता, पण जमीन हलत नव्हती, म्हणून ती फार प्रेमळ वाटत होती. आम्ही किनाऱ्यावरचं फाइफ हाउस बघायला गेलो. 1842 साली रॉबर्ट फाइफ नावाच्या माणसाने इथे देवमासे मारायचा तळ टाकला. या जुन्या घराच्या पायात दगडांऐवजी देवमाशांचे मणके घातले आहेत. गोल, पांढुरके, वाकून बघितलं की दिसतात. तेव्हा मेलेल्या देवमाशाच्या तेलाची पिंपं विकली जात. हा व्यवहार न्यूझीलंडमध्ये 1964 पर्यंत चालला. नंतर तेवीस वर्षांनी त्याच गावातल्या चार कुटुंबांनी जिवंत देवमाशाच्या भरवशावर घरं गहाण टाकली, आणि वर दिसला नाही तर 80 टक्के परत, असं कलमही आलं. देवमाशाशी कोणताही लेखी करार नाही. तो केव्हा वर यायचं ते स्वतः ठरवतो. मी साडूंना म्हणालो, “तुमच्याकडे हे तपासायला आलं असतं, तर काय शेरा मारला असता?”

ते मणक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. “कर्ज मंजूर करू नये, असा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “आणि चूक ठरलो असतो.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मेहुणीने तर मला ते दोनदा सांगायला लावलं.

वाटेत भूशिराच्या टोकाला गाड्या लावायच्या जागेत एक सील आडवा पडला होता. दोन गाड्यांची जागा अडवून, पोट वर करून. पैसे भरायची पाटी नव्हती, तरी साडूंनी त्याला लांबून वळसा घातला. त्या दिवशी समुद्रातल्या कोणाही प्राण्याशी वाद घालायची त्यांची तयारी नव्हती.

रात्री गाडीत मुगाची खिचडी झाली. साडूंनी दोन घास खाल्ले, तूप मागून घेतलं, आणि त्यांच्या अंगात जीव आला. ते वही घेऊन बसले. आम्हाला वाटलं, आता चौघांच्या तिकिटांचा शोक होणार. पण ते काहीतरी वेगळंच मांडत होते.

“दादा, तो दहा मिनिटं श्वास घेतो ना?”

“हो.”

“आणि त्यावर पाऊण तास, तासभर खाली काम करतो?”

“हो.”

“हजार मीटर खाली, अंधारात, लाइट न लावता,” ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी वही मिटली. त्यांच्या आवाजात असा आदर मी फक्त पोस्टाच्या मासिक योजनेबद्दल ऐकलेला आहे. “ह्याला म्हणतात काटकसर. मी त्याचे पैसे परत मागायला नको होते.”

“बरं झालं कळलं,” मेहुणी गादीचा शेवटचा तुकडा जागेवर बसवत म्हणाली, “पण त्याला कॅसेट रिकामी करावी लागत नाही. उद्या तुमची पाळी आहे.”